आजीचं 'येतो'

लाडक्या सोन्या,

काल रात्री तुझा निरोप ऐकला. दोनदा ऐकला. तू म्हणालीस, "आजी बाजाराला निघाली की दारातून ओरडते, 'मी येतो गं!' ती तर चाललीय, मग 'येतो' का? आणि ती बाई आहे, मग 'येते' का नाही? मी तिला म्हटलं, आजी, 'मी जाते' म्हण. ती नुसती हसली." शिवाय समोरच्या घरातल्या आजी एक दिवसही शाळेत शिकवायला गेल्या नाहीत, तरी अख्खी गल्ली त्यांना मास्तरीणबाई का म्हणते, हेही तुला हवंय. फोनवर घाईघाईत सांगितलं असतं तर अर्धंच राहिलं असतं, म्हणून लिहिते आहे. एखाद्या शब्दाला अडलीस तर आजीकडून वाचून घे.

आधी 'येतो'. घरातून निघताना आपल्याकडे 'जातो', 'जाते' म्हणत नाहीत. 'गेली' हा शब्द माणूस वारल्यावरही वापरतात ना, म्हणून उंबऱ्यावर तो नको. निघताना परत येण्याचंच बोलायचं. तशीच बांगडी 'फुटली' म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात. देवापुढे नारळ वाढवतात आणि रात्री दुकानदार दुकान वाढवतो, म्हणजे बंद करतो. तुझं 'जाते म्हण' ऐकून आजी हसली ती यामुळेच असणार.

आता 'येतो' आणि 'येते'. पुस्तकात बाईने 'मी येते, मी आले' म्हणायचं असतं. पण कोल्हापूर-सांगलीकडच्या पुष्कळ बायका 'मी येतो, मी आलो, मी जेवलो' असंच म्हणतात. ते चुकून होत नाही आणि पुरुषांची नक्कलही नसते. तिकडची बोलीच तशी आहे. आजीच्या आईचं, मावशीचं, सगळ्यांचं बोलणं असंच होतं. आणि आजीला पुस्तकातलं येत नाही असं तर मुळीच समजू नकोस. तिने 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं. दुसरीत मी तिच्याच वर्गात होते, तिथे तिला सगळ्यांसारखं 'बाई' म्हणायचे. फळ्यावर ती सुरेख अक्षरात लिहायची, 'मी शाळेत जाते.' पाच वाजता घरी आली की पिशवी उचलून म्हणायची, "दळण घेऊन येतो, दूध बघ." तिच्याकडे दोन्ही मराठी होत्या आणि कुठली कुठे वापरायची ते तिला पक्कं ठाऊक होतं.

माझं तसं राहिलं नाही. पुण्याला शिकायला गेले तेव्हा होस्टेलवर पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी जेवायला बोलावलं. मी म्हणाले, "मी जेवून आलो." खोलीतल्या चौघीजणी हसल्या. एकीने विचारलं, "आलो? कोण आलो?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण मला रात्रभर झोप लागली नाही. आठ दिवसांत मी बोलणं बदललं. मग रविवारी एसटीडी बूथवरून घरी फोन केला आणि सहज बोलून गेले, "आई, मी पेपर देऊन आले." ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "आले होय? बरं." तेवढंच. त्यानंतर मी कायम 'आले'च म्हणते, तिच्याशी बोलतानासुद्धा, आणि दर वेळी मला तो फोन आठवतो. म्हणून सांगते, आजीला सुधारू नकोस. उलट महिनाभरात तुझ्या तोंडात 'येतो' बसलं तर मला फार आवडेल.

आता मास्तरीणबाई. तुझ्या जर्मनमध्ये 'लेहरर'ला, म्हणजे शिक्षकाला, 'इन' लावलं की 'लेहररिन', शिक्षिका, होते, तसं मराठीत 'ईण' लावतात. सोनार-सोनारीण, कुंभार-कुंभारीण, माळी-माळीण, पाटील-पाटलीण. फरक असा की या 'ईण'चा अर्थ पुष्कळदा 'त्याची बायको' असाही असतो. कोळीण स्वतः मासळी विकते, तिचं नाव तिच्या कामाचंच. पण गावची पाटीलकी पाटलाकडे असायची, पाटलीण त्याची बायको म्हणून पाटलीण. समोरच्या आजींचे यजमान हायस्कुलात मास्तर होते, म्हणून त्या मास्तरीणबाई. डॉक्टरांच्या बायकोला डॉक्टरीणबाई म्हणतात तेही असंच. आणि जिने खरोखर शिकवलं ती तुझी आजी नुसती 'बाई'. अर्थात आपल्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला हाक मारायचा शब्दच तो आहे आणि मुलं तो मानाने म्हणतात. पण घरकामाला येणाऱ्या मावशींनाही लोक 'बाई'च म्हणतात. पुरुष शिक्षकाला मात्र 'सर', आणि घरकामाला येणाऱ्या माणसाला तो शब्द कुणी लावत नाही. हे मला लहानपणीही खटकायचं, आजही खटकतं.

छापील मराठीत वेगळे शब्द आहेत. शिक्षिका, लेखिका, संपादिका. 'कवयित्री' नीट बघून ठेव, भलेभले 'कवियत्री' लिहितात. हल्ली लिहिणाऱ्या काही बायका म्हणतात, आम्हालाही लेखकच म्हणा, कवीच म्हणा, काम तेच आहे. मला ते पटतं. तुझ्या जर्मन बाईंना कदाचित पटणार नाही, कारण तिकडे उलट वेगळा शब्द आवर्जून वापरतात. 2005 मध्ये अँगेला मेर्केल चॅन्सेलर झाल्या तेव्हा 'बुंडेसकान्त्सलरिन', म्हणजे बाई चॅन्सेलर, हा जर्मनीत त्या वर्षाचा शब्द म्हणून निवडला गेला होता. 2007 मध्ये प्रतिभाताई पाटील भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या, तेव्हा आपल्याकडेही चर्चा झाली की बाईला 'पती' कसं म्हणायचं? पण या 'पती'चा अर्थ स्वामी, प्रमुख. सभापती, कुलपती यांतलाही तोच. शब्द तसाच राहिला आणि काही अडलं नाही.

अडलं नाही, कारण आपलं क्रियापद बोलतं. जर्मनमध्ये 'डॉक्टर आले' आणि 'डॉक्टर आल्या' यांत क्रियापद एकच, म्हणून तिथे नावालाच शेपूट लावावं लागतं. मराठीत 'राष्ट्रपती आल्या', 'कलेक्टर म्हणाल्या', 'कंडक्टर हसल्या' एवढं म्हटलं की झालं. मानही त्यातच येतो, 'आली' नाही, 'आल्या'. आणि गंमत बघ, 'मी भाकरी केली' या वाक्यात करणारा बाप्या की बाई हे कळतच नाही. तिथे क्रियापद भाकरीच्या मागे जातं.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण माझ्या फार जवळची आहे. तुला ताप आला की आजी म्हणते, "दमलं गं माझं लेकरू, काही खाल्लं नाही त्यानं." तू मुलगी, तरी 'दमली' नाही, 'दमलं'. जर्मनमध्ये 'मेडशेन', म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी असते ते व्याकरणामुळे. आपल्याकडे माया दाटून आली की मोठं झालेलं माणूसही 'ते' होतं. मी चाळीस ओलांडली तरी विमानतळावर ती मला जवळ घेऊन म्हणाली, "वाळलंय किती." आणि मी तुला 'सोन्या' म्हणते, 'सोने' म्हणत नाही, त्याबद्दल तू कधी तक्रार केली नाहीस. आषाढात वारीला गेलीस तर बघशील, मिशाळ पुरुष एकमेकांना 'माउली' म्हणतात, म्हणजे आई. विठोबाही त्यांची माउलीच.

आता माझं एक काम कर. समोरच्या आजींना मी पाचवीत असल्यापासून ओळखते. त्यांच्या हातचे लाडू खाल्ले, त्यांच्या ओसरीवर अभ्यास केला. काल तुझा निरोप ऐकताना लक्षात आलं, त्यांचं स्वतःचं नाव काय ते मला माहीत नाही. संध्याकाळी त्या ओसरीवर बसतात. जाऊन विचार, आणि मला कळव.

येतो गं.

तुझी,
आई