ग्राइंडर चालूच होत नाही? आधी वायर बघ

मशीन बंद पडलं की लगेच ‘आर्मेचर (मोटरचा फिरणारा, तार गुंडाळलेला भाग) गेलं’ म्हणून मोकळा होऊ नकोस. त्याच सॉकेटमध्ये चार्जर लावून बघ, करंट येतोय ना? येत असेल तर प्लग काढ आणि तो काढलेलाच राहू दे.

बहुतेक वेळा वायर तुटते ती मशीनच्या तोंडाशी, जिथे ती सारखी वाकते. वरून रबर धडधाकट, आत तांबं तुटलेलं. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तार अखंड असली की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेव, एक टोक प्लगच्या पिनेला, दुसरं आत स्विचच्या टर्मिनलला, आणि वायर हलव. बीप येते-जाते? तेवढा तुकडा कापून पुन्हा जोड. उघडण्याआधी फोटो मात्र काढ.

वायर ठीक असेल तर कार्बन (मोटरला करंट पोचवणारे दोन छोटे ब्रश) बघ. झिजून पाच-सहा मिलिमीटर उरले असतील तर दोन्ही बदल, एकच नाही. कधी कार्बन लांब असतो, पण भुकटीने खाचेत अडकतो. बोटाने दाबून सोडला की स्प्रिंगने परत वर यायला हवा. नवे घ्यायला मुंबईच्या हार्डवेअर बाजारात, नागदेवी स्ट्रीटला, जाशील तेव्हा जुना जोड खिशात ठेव, नुसतं मॉडेल सांगून भलताच साइज गळ्यात पडतो.

कार्बनही ठीक असेल तर मल्टिमीटरची टोकं स्विचच्या आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या टर्मिनलला लाव. स्विच दाबूनही बीप नाही? बदलून टाक. मुंबईच्या पावसाळ्यात धूळ आणि दमट हवा त्याची वाट लावतात. जळका वास येत असेल तर मात्र रिवाइंडिंगचा, म्हणजे मोटरची तार नव्याने गुंडाळण्याचा, भाव विचार. स्वस्तातल्या मशीनला तो खर्च परवडत नाही.