लीडरशिप शिकायला मुंबईला कशाला?

प्रश्न : माझी मुलगी रत्नागिरीला बीएस्सी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासात चांगली, पण बुजरी. तिच्या क्लिनिकल इन्स्ट्रक्टर म्हणाल्या, हिच्यात लीडरशिप नाही. मुंबईत दोन दिवसांचं लीडरशिप शिबिर आहे, फी १८ हजार. पाठवू का? आमची आंब्याची बाग आहे, घरात या क्षेत्रातलं कोणी नाही.
– एक आई, देवगड तालुका

ताई, पैसे ठेवा. असल्या शिबिरांत माईक हातात देऊन भाषण करायला लावतात. वॉर्डात माईक नसतो.

आधी मुलीला विचारा, मॅडम नेमक्या कुठल्या प्रसंगावरून असं बोलल्या? बहुतेक वेळा गोष्ट एवढीच असते की मुलीला दिसलं सगळं, पण ती बोलली नाही. समजा, विंचू चावलेला एक पोरगा रात्री दाखल झालाय. वेदना कमी झाल्या म्हणून नातेवाईक निश्चिंत. हिला मात्र दिसतंय की अंगाला दरदरून घाम आहे, हातपाय गार पडलेत, नाडी पळतेय. कोकणातला लाल विंचू हृदयावर जातो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून दाखवलं, पण ते वेळेत द्यायचं तर आधी डॉक्टरांना कोणीतरी सांगायला हवं. 'सर, पेशंट जरा बरा वाटत नाही' हे सांगणं नव्हे.

त्यासाठी चार वाक्यांची एक रीत आहे, नर्सिंगमध्ये तिला एसबार म्हणतात. आत्ता काय होतंय, आधी काय झालं, मला काय वाटतं, तुमच्याकडून काय हवं. मूळ अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरची, तिथून दवाखान्यांत आली. मुलगी सुट्टीत आली की पडवीत बसून सराव करा. तुम्ही डॉक्टर व्हा, तेही झोपमोड झालेले, चिडके. तिने नाडीचा, बीपीचा आकडा सांगून चार वाक्यांत मुद्दा संपवायचा. सुरुवातीला दोघींना हसू येईल. येऊ दे.

शिवाय 'घरात कोणी नाही' हे मला पटलं नाही. हंगामात आंबे कोण निवडणार, पेंढा कोण लावणार, चार डझनी पेटी कोण भरणार, हे सकाळी कोण ठरवतं? नव्या गड्याला तुम्ही नाजूक फळाला हात लावू देता का? वॉर्डात सिस्टर इन्चार्ज हेच करते. कोणती नर्स कुठल्या पेशंटकडे, नवखीला गंभीर पेशंट एकटीवर सोडायचा नाही, जड काम रोज एकीच्याच गळ्यात घालायचं नाही. या मे महिन्यात आठ दिवस ही वाटणी तिच्यावर सोपवा. चुकली तर गड्यांसमोर बोलू नका, रात्री जेवताना बोला.

पुस्तकी भागाची काळजी नको. २०२१ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात सहाव्या सेमिस्टरला नर्सिंग मॅनेजमेंट आणि लीडरशिप हा विषयच आहे. आणि ही गरज पंधरा वर्षांनी अधिसेविका (मेट्रन) झाल्यावर लागेल असंही समजू नका. बीएस्सी झालेल्या मुली आता उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी होतात. डोंगराळ भागात साधारण ३ हजार लोकांमागे एक उपकेंद्र. तिथे हाताखाली वीस वर्षं गाव पायाखाली घातलेल्या आरोग्यसेविका आणि आशाताई असतात. बावीस-तेविसाव्या वर्षी त्यांच्याकडून काम करून घ्यायचं, त्यांचा मान ठेवून. करड्या आवाजाची, हुकूम सोडणारी मुलगी तिथे पहिल्या महिन्यात एकटी पडते. 'आजी, आता कसा वाटता?' असं मालवणीत विचारणारी तुमची बुजरी मुलगी टिकेल, फक्त वरिष्ठांपुढेही तिचं तोंड उघडायला हवं.

शिबिराला नाव दिलं असेल, तर नाही म्हणायचा फोन तिलाच करू दे. तुम्ही शेजारी बसून ऐका, मधे बोलू नका.