वाचकांचे प्रश्न : देशोदेशीची व्हिडिओ गेमची मासिके

प्रश्न : बर्डीवर जुनी पुस्तके विकणाऱ्या एका दुकानात मला व्हिडिओ गेमविषयीच्या परदेशी मासिकांचा गठ्ठा मिळाला. बहुतेक अंक इंग्लंड-अमेरिकेचे असून दोन-तीन जपानी आणि स्पॅनिश अंकही त्यात आहेत. घरी सगळे त्याला रद्दी म्हणतात. अशा मासिकांना खरोखर काही मोल आहे काय आणि कोणकोणत्या देशांची मासिके लक्षात ठेवण्याजोगी आहेत? — एक महाविद्यालयीन विद्यार्थी, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : हा गठ्ठा कृपया रद्दीत देऊ नये. गेम स्वतः जतन होतो तेव्हा फक्त खेळ उरतो. तो खेळ विकत घेण्यासाठी लोकांना काय करावे लागत होते, कुठे अडत होते, कशावर वाद घालत होते, हे त्या काळच्या मासिकांतच सापडते. देशोदेशीची मासिके शेजारी ठेवून पाहिली तर एक गोष्ट स्पष्ट होते : ज्या देशातल्या खेळाडूजवळ ज्या गोष्टीची वाण होती, ती पुरवण्याच्या प्रयत्नातून तिथल्या मासिकाला त्याचे रूप आले.

इंग्लंडमध्ये ‘कम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ हे मासिक नोव्हेंबर १९८१ मध्ये सुरू झाले. पुढच्याच वर्षी झेडएक्स स्पेक्ट्रम हा स्वस्त घरगुती संगणक आला आणि हजारो मुलांच्या हाती यंत्र आले; पण नवे गेम घ्यायला खिशात पैसे असतीलच असे नव्हते. म्हणून मासिके ‘बेसिक’ या संगणकीय भाषेतले संपूर्ण प्रोग्रॅम पानेच्या पाने छापत आणि मुले ते ओळीमागून ओळ टंकून गेम तयार करीत. पुढे मुखपृष्ठावर गेम साठवलेली ध्वनिफीत चिकटवून देण्याची प्रथा पडली. याच परंपरेतले ‘क्रॅश’ १९८४ मध्ये लडलो या इंग्लंडमधील लहानशा गावातून निघू लागले, हे मला विशेष मोलाचे वाटते. त्याची मुखपृष्ठे ऑलिव्हर फ्रे हे चित्रकार हाताने रंगवीत. त्या वेळच्या गेममध्ये पडद्यावर दिसणारा योद्धा म्हणजे मोजक्या रंगांतले काही ठिपके असत. फ्रे यांच्या चित्रात तोच योद्धा स्नायूंसह, घामासह उभा राहत असे, आणि वाचक तो मनात धरून पडद्याकडे पाहत. परीक्षणे लिहिण्यासाठी संपादकांनी गावातल्या शाळकरी मुलांना बोलावले आणि एकेका गेमवर अनेकांची मते शेजारी शेजारी छापली. ज्यांच्यासाठी मासिक होते त्यांनाच लिहिते करण्याचा हा निर्णय फार शहाणपणाचा होता. ‘क्रॅश’ची मूळ प्रकाशन संस्था न्यूजफील्ड १९९१ मध्ये बुडाली आणि पुढच्या वर्षी हे मासिकही थांबले.

आपल्या गठ्ठ्यातील स्पॅनिश अंक ‘मायक्रोऑबी’चा असेल, तर त्याची आतली पाने अवश्य उलगडून पाहावीत. १९८४ ते १९९२ या काळात निघालेल्या या नियतकालिकाने टंकलेखनातील चुकांवर एक सुंदर उपाय काढला होता. यंत्रभाषेतले प्रोग्रॅम छापताना प्रत्येक ओळीला आधी तिचा क्रमांक, मग ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे मिळून झालेली लांबलचक मालिका, आणि शेवटी त्या ओळीच्या बेरजेचा पडताळा दिलेला असे. वाचकाने आधी एक छोटा साहाय्यक प्रोग्रॅम भरून ठेवायचा. त्यानंतर तो एकेक ओळ टंकत जाई आणि बेरीज जुळली नाही तर ती ओळ तिथेच नाकारली जाई. रात्री जागून चारशे ओळी भरल्यावर कुठे तरी एक अक्षर चुकले म्हणून सगळे श्रम वाया जाण्याचे दुःख ज्याने भोगले असेल, त्याला या शेवटच्या आकड्याची किंमत कळेल.

जपानमध्ये वाण होती ती माहितीची, कारण फॅमिकॉम हे निन्टेंडोचे यंत्र घरोघरी पोहोचले होते आणि नव्या गेमचा ओघ थांबत नव्हता. जुलै १९८५ मध्ये तोकुमा शोतेन या प्रकाशनाचे ‘फॅमिली कम्प्युटर मॅगझीन’ आले आणि १९८६ च्या जूनमध्ये ‘फामित्सू’. ‘फामित्सू’ची सुरुवात ‘लॉगिन’ या संगणक-मासिकातल्या एका सदरातून झाली आणि १९९१ मध्ये ते साप्ताहिक झाले. गल्लोगल्लीच्या गेम पार्लरांसाठी तिथे ‘गेमेस्ट’ हे वेगळे नियतकालिक १९८६ पासून निघत होते. देशभरच्या पार्लरांतून आलेले सर्वोच्च गुण ते छापत असे आणि तिथे आपले नाव यावे यासाठी खेळाडू झटत. याच मासिकातल्या एका मुद्रणदोषाची आठवण जपानी खेळाडू अजून काढतात. मोटारीच्या शर्यतीच्या एका गेमविषयी लिहिताना लेखकाने ‘हँडल उजवीकडे’ असे हाताने लिहिले होते. जुळणी करणाऱ्याने ती अक्षरे वेगळी वाचली आणि छापून आले ‘भारतीय माणसाला उजवीकडे’. महिन्याच्या तारखा गाठण्यासाठी ही मंडळी किती घाईने काम करीत होती, हे त्या एका ओळीवरून कळते.

अमेरिकेत ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हे मासिक १९८१ च्या अखेरीस आर्नी कॅट्झ, बिल कुंकेल आणि जॉइस वॉर्ली यांनी काढले आणि गेमवर गंभीरपणे लिहिता येते हे दाखवून दिले. तरी घराघरांत लक्षात राहिले ते ‘निन्टेंडो पॉवर’. ते खुद्द निन्टेंडो कंपनीचे प्रकाशन होते. १९८८ च्या जुलै-ऑगस्टच्या पहिल्या अंकावर मारिओची मातीची प्रतिमा घडवून तिचे छायाचित्र छापलेले होते. पडद्याची छायाचित्रे एकमेकांना जोडून संपूर्ण गेमचा नकाशा पानभर पसरवण्याची त्यांची पद्धत इतकी उपयोगी होती, की अनेक मुलांच्या खोल्यांत हे नकाशे भिंतीवर गेले. डिसेंबर २०१२ मध्ये २८५ व्या अंकाने हे मासिक बंद झाले आणि अखेरच्या अंकाचे मुखपृष्ठ पहिल्या अंकाच्या धर्तीवरच करण्यात आले.

आपल्याकडच्या अनुभवाला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र रशियाचे आणि पोलंडचे आहे, आणि त्यांच्याविषयी आपल्याकडे क्वचितच बोलले जाते. १९९२ पासून रशियात ‘डेंडी’ या नावाने फॅमिकॉमची नक्कल केलेले यंत्र विकले जाऊ लागले. नव्वदच्या दशकात नागपुरात ज्याला आपण टीव्ही गेम म्हणत होतो आणि ज्यात पिवळ्या कॅसेटी घालत होतो, त्याच जातीचे ते यंत्र. अशा कॅसेटीबरोबर माहितीपुस्तिका कधीच येत नसे. रशियात ही उणीव भरून काढायला १९९३ मध्ये ‘व्हिडिओ-एस डेंडी’ निघाले आणि पुढे तेच ‘वेलिकी द्राकोन’ या नावाने अनेक वर्षे चालले. पोलंडमध्ये १९८५ साली ‘बाइटेक’ एका युवा-दैनिकाची पुरवणी म्हणून सुरू झाले, आणि १९९३ मध्ये ‘सीक्रेट सर्व्हिस’ आले. १९९४ चा कॉपीराइट कायदा होईपर्यंत तिथले गेम मुख्यतः आठवडी बाजारातल्या नकला म्हणून मिळत. त्यामुळे गेमचे तपशीलवार वर्णन करून देणारे मासिक हीच अनेकांची माहितीपुस्तिका ठरली. फ्रान्सचे १९८२ पासूनचे ‘टिल्ट’ आणि मेक्सिकोचे १९९१ पासूनचे ‘क्लब निन्टेंडो’ हीदेखील आपापल्या भाषेतल्या खेळाडूंना इंग्रजीच्या आधाराशिवाय उभे करणारी मासिके होत.

प्रश्न : माझा मुलगा गेम घेण्यापूर्वी परीक्षणातले गुण पाहतो. ज्या कंपन्यांच्या जाहिरातींवर मासिक चालते, त्यांच्याच गेमना मासिक खरे गुण देत असेल काय? — एक पालक, मानेवाडा

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि जुन्या संपादकांनाही ती सतावत होती. तिच्यावर निरनिराळ्या मासिकांनी निरनिराळे उपाय केले. ‘फामित्सू’ने एकाच गेमला चार परीक्षक नेमले, प्रत्येकाने १० पैकी गुण द्यायचे आणि बेरीज ४० पैकी मांडायची. पूर्ण ४० गुण मिळवणारा पहिला गेम ठरायला १९९८ साल उजाडले; तो ‘झेल्डा’ मालिकेतला ‘ओकारिना ऑफ टाइम’. पुढील काळात पूर्ण गुण बरेच सढळ हाताने दिले गेले, त्यामुळे अलीकडच्या ४० ला मी जुन्या ४० इतके वजन देत नाही.

इंग्लंडमध्ये १९९३ साली सुरू झालेल्या ‘एज’ने परीक्षकाचे नाव छापायचेच नाही असे ठरवले, म्हणजे मत हे एका व्यक्तीचे न राहता संपूर्ण संपादक मंडळाचे होते. १० पैकी १० गुण त्यांनी प्रथम १९९६ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ला दिले. अमिगा या घरगुती संगणकाच्या गेमना वाहिलेल्या ‘अमिगा पॉवर’ने (१९९१ ते १९९६) याहून धाडसी भूमिका घेतली. इतर मासिकांत सामान्य गेमलाही ७०-७५ टक्के मिळत. या मासिकाने मात्र सामान्य म्हणजे ५० टक्के असे ठामपणे सांगितले आणि वाईट गेमना एक आकडी गुण देण्यासही कचरले नाही. माझ्या मते गेमच्या परीक्षणाचा तो सर्वांत प्रामाणिक नमुना आहे, कारण शंभराचे माप घेऊन त्यातले वरचे तीसच वापरणे हे वाचकाला फसवण्यासारखेच आहे. आपल्या मुलाला इतकेच सांगावे, की एकाच नियतकालिकाची बरीच परीक्षणे वाचून त्याचे सामान्य गुण किती असतात हे आधी ओळखावे आणि मगच एखाद्या आकड्याचा अर्थ लावावा.

प्रश्न : माझ्या भावाला लहानपणी कोणीतरी सांगितले होते, की ‘स्ट्रीट फायटर’मध्ये शेंग लाँग नावाचा गुप्त लढवय्या आहे. सदरच्या पार्लरमध्ये त्याने त्यासाठी बरेच पैसे घातले. हे कोणत्या मासिकात आले होते काय? — एक शिक्षिका, धरमपेठ

उत्तर : होय, आणि ते पूर्णपणे काल्पनिक होते. अमेरिकेच्या ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’ने एप्रिल १९९२ च्या अंकात एप्रिल फूल म्हणून ही युक्ती छापली होती. एकही फटका न खाता शेवटच्या प्रतिस्पर्ध्यापर्यंत पोहोचायचे आणि मग त्याच्याशी कोणीही कोणाला स्पर्श न करता फेऱ्यांमागून फेऱ्या बरोबरीत सोडवायच्या, अशी अट होती. अट इतकी अवघड होती, की कोणालाच ती पडताळून पाहता येत नव्हती. त्यामुळे युक्ती खोटी आहे असे ठामपणे कोण म्हणणार? अन्य देशांतील मासिकांनी ती खरी समजून छापली आणि तिथून ती तोंडोतोंडी पसरत जगभर गेली. आपल्या बंधूंनी ती नागपुरात ऐकली, यात त्यामुळे नवल नाही.

जपानच्या ‘फॅमिली कम्प्युटर मॅगझीन’ने हाच खेळ अधिक सरळपणे मांडला होता. युक्त्यांच्या यादीत एक युक्ती मुद्दाम खोटी घातलेली असे आणि ती कोणती हे वाचकांनी ओळखायचे, हे आधीच जाहीर केलेले असे. मुले प्रत्येक युक्ती स्वतः करून पाहत. छापलेल्या शब्दावर विसंबण्याआधी पडताळा घ्यावा, ही सवय त्यांना खेळातूनच लागत होती, आणि शिक्षिका म्हणून आपल्याला हा प्रयोग आवडेल असे वाटते.

प्रश्न : भारतात असे मासिक निघाले होते काय? मराठीत? — एक वाचक, महाल

उत्तर : ‘चिप’ आणि पुढे ‘डिजिट’ या इंग्रजी संगणक-मासिकांबरोबर येणाऱ्या सीडीवर गेमचे नमुने असत आणि त्या सीडीसाठीच अंक घेणारे पुष्कळ होते. ‘डिजिट’च्याच घरातून ‘स्कोअर’ हे केवळ गेमला वाहिलेले प्रकाशनही निघाले. मराठीत मात्र ‘वेलिकी द्राकोन’ किंवा ‘बाइटेक’च्या तोडीचे, खेळाडूंच्या पिढीला घडवणारे नियतकालिक उभे राहिले नाही, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. आपल्याकडे यंत्रे होती, पार्लरे होती, पत्र लिहिणारे मराठी वाचक तर भरपूर होते. ‘काँट्रा’मध्ये तीस जीव मिळवण्यासाठी वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए अशी कळांची ओळ मुलांना पाठ होती, ती कागदावर कोणी उतरवली नाही, एकाने दुसऱ्याला सांगितली एवढेच.

प्रश्न : माझ्याजवळ नव्वदच्या दशकातले काही इंग्रजी अंक आहेत. ते टिकवावेत कसे आणि माझ्याजवळ नसलेले अंक वाचायला मिळतील काय? — एक निवृत्त बँक कर्मचारी, नंदनवन

उत्तर : वाचण्याची सोय आता बरीच चांगली आहे. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये आपले डिजिटल ग्रंथालय सर्वांसाठी खुले केले असून त्यात बंद पडलेल्या गेम-मासिकांचे १५०० हून अधिक अंक आहेत. त्यांतील मजकुरात शब्द टाकून शोध घेता येतो, त्यामुळे एखाद्या गेमचा पहिला उल्लेख कधी आला हेही पाहता येते. इंटरनेट आर्काइव्हवरही अनेक देशांतील अंक आहेत. चालू मासिकेही निर्धोक नाहीत : १९९१ पासूनचे ‘गेम इन्फॉर्मर’ ऑगस्ट २०२४ मध्ये अचानक बंद झाले आणि मार्च २०२५ मध्ये नव्या मालकाकडे पुन्हा सुरू झाले, मधल्या काळात त्याचे संकेतस्थळही दिसेनासे झाले होते.

आपल्या अंकांविषयी. नागपुरातल्या घरांत जुनी कागदपत्रे माळ्यावर ठेवण्याची पद्धत आहे, परंतु मे महिन्यात स्लॅबखालचा माळा तापलेला असतो आणि त्या उष्णतेने गुळगुळीत कागद ठिसूळ होतो, बरोबरची सीडी वाकते. अंक खालच्या खोलीतील कपाटात, जमिनीपासून वर, आडवे ठेवावेत. पावसाळ्यानंतर ते उन्हात वाळवण्याऐवजी पंख्याखाली पाने सुटी करून ठेवावेत, कारण थेट उन्हात शाई फिकी पडते. गंजलेल्या पिना हलक्या हाताने काढून तिथे सुती दोऱ्याने शिवावे. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नये, त्याचा डिंक काही वर्षांत पिवळा होऊन पानात उतरतो. कसर लागलेला अंक बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळा करावा.

अंकांची छायाचित्रे घ्यायची असल्यास जाहिराती, वाचकांची पत्रे आणि किमतीची पानेही वगळू नयेत. अभ्यासकाला बहुधा तीच आधी लागतात. मधल्या पानांत जोडलेले पोस्टर असेल तर नातवंडांनी कितीही मागितले तरी ते काढून देऊ नये, त्याची मोठी प्रत काढून द्यावी.