नदीकाठच्या तंबूत राहायला जाण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

आईबाबांना घेऊन केनियातल्या मसाई मारात जातोयस आणि नदीकाठचा भारीतला कॅम्प निवडतोयस, हे छानच. पण तुझ्या यादीत बाथटब आहे, झुंबर आहे, कॅम्प नेमका कुठे आहे हे मात्र नाही. पैसे मोजायचे ते जागेचे आणि गाइडचे. बाकीचं पुण्यातही मिळतं.

पहिला प्रश्न: कॅम्प रिझर्व्हमध्ये, म्हणजे सरकारी राखीव रानात आहे, की शेजारच्या कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे खाजगी राखीव रानात? रिझर्व्हमध्ये जुलै ते डिसेंबर परदेशी माणसाचं तिकीट दिवसाला 200 डॉलर, आणि तेही सकाळी 6 ते संध्याकाळी 6. रात्रीची सफारी नाही, पायी फिरणं नाही. मारा नॉर्थ, नाबोइशो अशा कॉन्झर्व्हन्सी मसाई लोकांच्या जमिनीवर आहेत. तिथे या दोन्ही गोष्टी चालतात, गाड्याही कमी. मात्र तिथे राहून वाइल्डबीस्टचे, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणांसारख्या जनावरांचे कळप नदी ओलांडताना पाहायला रिझर्व्हमध्ये शिरलात, तर ते तिकीट वेगळं. ते दरात धरलंय का, हे लेखी घे.

दुसरा प्रश्न नदीचा. मारा नदी माऊच्या जंगलातून येते. कॅम्पवर थेंबही नसला तरी वर पाऊस झाला की पाणी चढतं. मार्च ते मे हा तिथला मोठा पावसाळा. 2024 च्या मेच्या सुरुवातीला माराला मिळणाऱ्या तालेक नदीचं पाणी काठ सोडून कित्येक कॅम्पांत शिरलं होतं. तेव्हा तंबू पाण्यापासून किती उंचावर आहेत आणि त्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, हे सरळ विचार. जेवणाच्या तंबूपासून शेवटचा तंबू बराच लांब असतो. बाबांचे गुडघे लक्षात घेऊन जवळचा माग. आयत्या वेळी मिळत नाही.

अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पडायचं नाही. कॅम्पला बहुधा कुंपण नसतं आणि पाणघोडे रात्री चरायला काठावर येतात. एकेकजण रात्रीत 35-40 किलो गवत खातो. त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये माणूस आला की तो बिथरतो. अस्कारी, म्हणजे रखवालदार, बोलवायचा आणि त्याच्यासोबतच जायचं. बोलवायचं कसं, शिटीने की टॉर्चने की रेडिओवर, हे पोचल्या पोचल्या आईबाबांनाही करून दाखवायला सांग. तंबूत खायचं काही ठेवू नका, बिस्किटाचा पुडाही नाही; माकडांना चेन उघडता येते. रात्रभर फुत्कार आणि गुरगुर ऐकू येईल. झोप सावध असेल तर कापसाचे बोळे बरोबर ठेवा.

नैरोबीत मुंबईचं विमान मोठ्या विमानतळावर उतरतं आणि माराचं छोटं विमान बहुतेकदा विल्सन या दुसऱ्या विमानतळाहून सुटतं. मधला रस्ता ट्रॅफिकचा, त्यामुळे दोन्हींत पुरेसं अंतर ठेव. छोट्या विमानात माणशी 15 किलो, हातातली बॅग धरून, आणि बॅग मऊ कापडी हवी. कडक सूटकेस सामानाच्या कप्प्यात बसत नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात 2017 पासून बंदी आहे, तेव्हा चिवडा-लाडू कापडी पिशवीत किंवा डब्यात भर. मारा साधारण दीड हजार मीटरवर आहे. पहाटे उघड्या जीपमध्ये आईला स्वेटर आणि कानटोपी दोन्ही लागतील.

काही कॅम्पांत अजून बादलीचा शॉवर असतो. गरम पाणी पाव तास आधी सांगायचं. अंग ओलं करा, पाणी बंद करा, साबण लावा, मग पुन्हा चालू. वीज बहुधा सौर, त्यामुळे केस वाळवायचं यंत्र घरीच राहू दे.

जेवणाचं महिनाभर आधी कळव. नुसतं ‘शाकाहारी’ लिहून भागत नाही. अंडं नको, मासे नको, मांसाचं सूप नको, असं एकेक लिही. चपाती केनियातल्या घरोघरी होते, ती माग. बुफेतल्या पास्त्यापेक्षा बाबा खूश होतील.

नदी ओलांडण्याचा प्रसंग मागून मिळत नाही. कळप काठावर तासन्‌तास उभा राहतो आणि माघारीही वळतो. गाइडला ‘अजून पुढे घ्या’ म्हणू नकोस. गाडी काठाला भिडली की आघाडीची जनावरं बुजतात आणि सगळ्यांचाच दिवस वाया जातो. चांगला गाइड लांब, झुडपाआड, इंजिन बंद करून थांबतो. त्याची टीप शेवटच्या दिवशी त्याच्या हातात द्यायची, इतरांची सामाईक पेटीत. डॉलरच्या नोटा नव्या आणि कोऱ्या ने. जुन्या, फाटक्या घेत नाहीत.

ता. क. सगळ्यात आधी करायचं काम: पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. केनियाहून परतताना तिचा दाखला नसेल तर भारतात 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. दाखला लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून धरतात आणि ती सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. साठीच्या पुढे या लसीच्या गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो, म्हणून तिकिटं काढण्याआधीच आईबाबांना डॉक्टरांकडे ने. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचार. काही गोळ्या परतल्यावर आठवडाभर घ्याव्या लागतात, काही चार आठवडे.