बाईंना विचारा : मोडलेली पॉलिसी आणि हजार वर्षांचं राज्य

प्रश्न : बाई, आम्ही तीन पिढ्यांचे मराठी ख्रिस्ती. माझा धाकटा भाऊ मालाडला राहतो. हल्ली तो एका लहानशा संगतीत, म्हणजे प्रार्थनेच्या गटात, जातो. तिथे शिकवतात की मंडळी, म्हणजे सगळे विश्वासणारे, आता कधीही स्वर्गात उचलली जाईल, मग सात वर्षं महासंकट, मग ख्रिस्ताचं हजार वर्षांचं राज्य. त्यानं विम्याची पॉलिसी मोडली. मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेले पैसेही संगतीला द्यायचे म्हणतोय. मोबाइलवरून पैसे देणं बंद केलं, कारण ती म्हणे श्वापदाच्या खुणेची पहिली पायरी. भावजय रडकुंडीला आली आहे. हे सगळं बायबलमध्ये असंच लिहिलंय का? त्याच्याशी बोलू तरी काय?
– एक बहीण, अंधेरी (पूर्व)

उत्तर : ताई, आधी पैशांचं बघा, वचनांचं सावकाश बघू. कॉलेजचे पैसे अजून दिले नसतील तर ते मुलीच्या आणि आईच्या नावावर मुदत ठेवीत टाकायला लावा. भावाला एवढंच म्हणा, प्रभू उद्या आला तर ते बँकेत राहिले म्हणून कुणाचं काही अडणार नाही, आणि नाही आला तर जूनमध्ये फी भरायची आहे. त्या संगतीच्या पुढाऱ्यांनी स्वतःच्या मुलांची ॲडमिशनं घेतली आहेत का, हेही सहज विचारून घ्या. अंतकाळावर घसा कोरडा करणारे एक पाळक माझ्या ओळखीचे होते. इमारतीच्या रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगला मात्र ते सगळ्यांच्या आधी हजर, आणि कार्पेट एरियावरून भांडायला सगळ्यांत पुढे.

आता लिहिलंय काय ते. ख्रिस्ताबरोबरच्या हजार वर्षांच्या राज्याची गोष्ट बायबलमध्ये एकाच ठिकाणी येते, प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात, तीही मोजक्या वचनांत. सैतानाला साखळीनं बांधून अगाधकूपात टाकतात, आणि येशूच्या साक्षीपायी ज्यांचा शिरच्छेद झाला ते जिवंत होऊन ख्रिस्ताबरोबर राज्य करतात. ‘सात वर्षं’ प्रकटीकरणात नाहीत. तिथे बेचाळीस महिने आणि एक हजार दोनशे साठ दिवस आहेत. सात वर्षं काढतात ती दानिएलाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातल्या शेवटच्या सप्तकावरून, म्हणजे सातांच्या गटावरून, दिवसाला वर्ष धरून. मंडळी ढगांत उचलली जाण्याचं वचन तिसरीकडेच, पौलानं थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात. तुमच्या भावाला हे तीन तुकडे जोडून, इंडिकेटरवर लागलेल्या लोकलसारखं, वेळेसकट दाखवलंय.

ही जोडणी फार जुनी नाही. आयर्लंडमध्ये सेवा केलेल्या जॉन नेल्सन डार्बी या पाळकानं ती एकोणिसाव्या शतकात मांडली, आणि 1909 मध्ये निघालेल्या स्कोफिल्डच्या टीपांच्या बायबलनं ती घरोघर पोचवली. डार्बीच्या वर्तुळातला अँथनी नॉरिस ग्रोव्ह्ज 1833 मध्ये बगदादहून मुंबईलाच आला होता, म्हणजे या मंडळींची आपल्या शहराशी ओळख जुनी. (पुढे ग्रोव्ह्जचं डार्बीशी पटलं नाही, पण ते प्रकरण वेगळं.)

ख्रिस्त आधी येईल आणि मग पृथ्वीवर हजार वर्षं राज्य करील, एवढी आशा मात्र फार जुनी आहे. दुसऱ्या शतकात जस्टिन आणि इरेनेयस हे ख्रिस्ती लेखक ती बाळगून होते. त्यात मंडळीला संकटातून आधीच गुपचूप उचलून नेण्याची सोय नव्हती. इरेनेयसच्या मते मंडळी संकटातून जाणारच होती. पाचव्या शतकात बिशप ऑगस्टीननं वेगळंच सांगितलं. हा आकडा अक्षरशः धरू नका, ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून शेवटापर्यंतचा मंडळीचा सगळा काळ म्हणजेच ही हजार वर्षं. पश्चिमेकडच्या मंडळीत पुढे शेकडो वर्षं हाच अर्थ चालला. तिसरं मत असं की सुवार्ता सर्वत्र पोचून आधी जग सुधारेल आणि मग ख्रिस्त येईल. 1813 मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी ज्या न्यू इंग्लंडमधून आले, तिथे त्या पिढीत ही आशा भरात होती. जग सुधारायचं तर शाळा हव्यात, छापखाना हवा. माझ्या पणजीला अक्षरं शिकवणारी शाळा त्याच मिशनची. त्यामुळे मी या मताकडे थोडी झुकते, हे आधीच सांगून ठेवते.

तिन्ही मतांचे लोक एकाच देवावर विश्वास ठेवतात आणि ‘तुझे राज्य येवो’ हीच प्रार्थना करतात. भांडण होतं तारीख काढली की. तो दिवस आणि ती घटका कुणालाही, पुत्रालाही, ठाऊक नाही, हे मार्काच्या तेराव्या अध्यायात येशू स्वतः सांगतो. तरी विल्यम मिलर या अमेरिकन शेतकऱ्याच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला. काहींनी शेतातलं पीकही काढलं नाही. 2011 मध्ये हॅरल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या उपदेशकानं 21 मे सांगितली, ती टळल्यावर 21 ऑक्टोबर. लोकांनी साठवलेले पैसे जाहिरातींत घातले ते गेलेच.

आता ते श्वापद. प्रकटीकरणात समुद्रातून वर येणारं, दुष्ट सत्तेचं. त्याचा आकडा 666. इब्री (हिब्रू) लिपीत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते, आणि ‘नीरो कैसर’ हे नाव त्या लिपीत ‘नेरोन केसर’ असं लिहून बेरीज केली तर नेमके 666 भरतात. ‘नेरोन’च्या शेवटचा ‘न’ गाळला तर 616, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखर 616 आहे. त्यामुळे पुष्कळ अभ्यासकांना इथे रोमच्या छळवादी सम्राटांची सावली दिसते. खुणेवाचून विकत घेता येणार नाही की विकता येणार नाही, हे त्या जगात सम्राटाच्या पूजेशी बांधलेलं होतं. मालाड स्टेशनबाहेरचा भाजीवाला मोबाइलवरून पैसे घेण्याची पाटी लावून कुणाची पूजा मागत नाही, सुटे पैसे नसल्यामुळे लावतो. इरेनेयसनंही त्या आकड्यावरून दोनतीन नावं लावून पाहिली आणि शेवटी सांगितलं की अंदाज बांधण्यापेक्षा वाट पाहणं बरं.

आणि भावाशी बोलायला थेस्सलनीकाकरांचं दुसरं पत्र घेऊन बसा. प्रभूचा दिवस येऊन ठेपला असं कुणी म्हटलं तर घाबरू नका, असं पौल दुसऱ्या अध्यायात लिहितो, आणि तिसऱ्यात, ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊही नये. दोन्ही एकाच पत्रात. वाद घालू नका, नुसतं मोठ्यानं वाचा. भावजयीलाही शेजारी बसवा. पैशांचा निर्णय त्यानं एकट्यानं घ्यायचा नाही, एवढं त्या दिवशी ठरलं तरी पुष्कळ झालं.

प्रश्न : माझा कॅथलिक मित्र म्हणतो, आमच्याकडे हे शेवटच्या काळाचं शिकवतच नाहीत. खरं का?
– विद्यार्थी, विलेपार्ले

उत्तर : अर्धं खरं. ख्रिस्त पुन्हा येईल आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करील, हे तो दर रविवारी मिस्सात म्हणतो. शिकवत नाहीत ते पृथ्वीवरचं हजार वर्षांचं राज्य. ख्रिस्त न्यायापूर्वी दृश्य रूपात येऊन राज्य करील हे मत सौम्य स्वरूपातही निर्धोकपणे शिकवता येणार नाही, असा निर्णय रोमनं 1944 मध्ये दिला. मित्राला म्हणावं, नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांतल्या पहिल्या रविवारचं शुभवर्तमान नीट ऐक. गाणी बाळ येशूची सुरू होतात, वाचन असतं शेवटाचं.

प्रश्न : कलियुगाच्या शेवटी पांढऱ्या घोड्यावरून कल्की येतो. तुमचा येशूही तसाच येतो म्हणे. मग फरक काय?
– वरळी

उत्तर : घोड्याचं खरं आहे. प्रकटीकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायात स्वार पांढऱ्या घोड्यावर आहे आणि त्याच्या मुखातून तलवार निघते. फरक पुढे. पुराणांच्या हिशोबात कलियुग 4,32,000 वर्षांचं, आणि कल्कीनंतर पुन्हा सत्ययुग लागतं, चाक फिरत राहतं. ख्रिस्ती समजुतीत काळ एकदाच सरतो आणि माणूस एकदाच मरतो. मग मेलेले देहासकट उठतात, म्हणून शिवडीच्या दफनभूमीत आम्ही आमची माणसं पुरतो ती उठतील या आशेनं. आणि शेवटी आत्मे वर उडून जात नाहीत, उलट नवं यरुशलेम हे शहरच खाली पृथ्वीवर येतं. त्याला बारा वेशी, आणि त्या कधी बंद होत नाहीत.

तुम्ही वरळीचे म्हणून एक आणखी सांगते. त्या नव्या पृथ्वीवर समुद्र नाही, असं एकविसाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात आहे. कोळीवाड्यात हे वाचलं की बायका हटकून विचारतात, मग आम्ही खायचं काय? प्रकटीकरण लिहिणाऱ्या योहानाच्या पुस्तकात मात्र श्वापद वर येतं ते समुद्रातूनच, आणि तो स्वतः पात्म बेटावर होता, त्याच्या मंडळ्या पाण्यापलीकडे आशियाच्या किनाऱ्याला. मासळी त्याच्या डोक्यात नव्हती.