वाहक की रोधक? आधी छोटी साखळी सोडव

भाऊ, एखादा पदार्थ वीज वाहतो की अडवतो हे गणिताने ठरवण्याचा विषय अमळनेरला बसून हाती घेतलास, फार बरं वाटलं. साधा लॅपटॉप पुरेल.

नुसत्या पट्टा-सिद्धांतावर (इलेक्ट्रॉनांचं आपसातलं ढकलणं न धरता, ऊर्जेचे पट्टे किती भरलेत त्यावरून वाहक की रोधक ठरवणं) विसंबू नको. निकेल ऑक्साइडचा पट्टा अर्धवट भरलेला, म्हणजे हिशेबाने वाहक, प्रत्यक्षात रोधक. हे १९३७ पासून माहीत आहे. जळगाव-भुसावळ एसटीत प्रत्येक बाकावर एकेक जण बसलाय आणि शेजारी कुणालाच घेत नाही, तशी इलेक्ट्रॉनांची गत होते. हाच मॉट रोधक.

सुरुवात एकमितीय, अर्ध्या भरलेल्या हबर्ड मॉडेलपासून कर: जागांची एक साखळी, जागेमागे सरासरी एक इलेक्ट्रॉन. शेजारच्या जागेवर जाण्याची ऊर्जा म्हणजे 'उडी', एकाच जागेवर दोघे आले तर लागणारी ऊर्जा म्हणजे 'प्रतिकर्षण'. ८ जागांना ४,९०० अवस्था (इलेक्ट्रॉन मांडायचे प्रकार), सहज मावतात. एक इलेक्ट्रॉन वाढवून आणि एक काढून येणाऱ्या ऊर्जांची बेरीज घे, मूळ ऊर्जेची दुप्पट वजा कर. ही भार-फट, म्हणजे विद्युतभार हलवायला लागणारी किमान ऊर्जा.

इथे सगळेच दोनदा फसतात, मीही फसलो:

- फट दिसली की लगेच 'रोधक' म्हणणं. प्रतिकर्षण शून्य ठेव, टोकं मोकळी सोड: ४ जागांना फट उडीच्या १.२४ पट, ८ जागांना ०.६९ पट. साखळी वाढेल तशी ती शून्याकडे जाते, हा वाहकच! म्हणून साखळीच्या तीन-चार लांब्या घेऊन फटीचा आलेख काढच.
- इलेक्ट्रॉनसंख्या तीच ठेवून पहिली उत्तेजित पातळी मोजणं. ती स्पिनची (इलेक्ट्रॉनांच्या फिरकीची) असते, वहनाबद्दल काही सांगत नाही.

ड्रूड भार (वहन मोजायचं आणखी एक माप) वगैरे नंतर बघू. आधी प्रतिकर्षण उडीच्या चौपट ठेव. अनंत साखळीच्या फटीचं अचूक उत्तर उडीच्या सुमारे १.२९ पट आहे, तुझा आलेख तिकडे झुकतोय का ते कळव.