थ्रीडीएसवर ब्लूस्काय चालवायचंय? मग आधी एवढं कर

अरे भाऊ, जळगावात बसून जुन्या निन्टेन्डो थ्रीडीएसवरून, म्हणजे त्या हातात धरायच्या गेमिंग कन्सोलवरून, ब्लूस्कायवर (ट्विटरसारखं सोशल नेटवर्क) पोस्ट टाकायची हौस आली म्हणतो, भारीच! जमतं, घाबरू नको. फक्त घाई नको.

सगळ्यात आधी पासवर्डचं. थ्रीडीएसवर ब्लूस्काय चालवणारे क्लायंट, म्हणजे अ‍ॅप, कोणीतरी हौसेनं बनवलेले असतात, कंपनीचे नसतात, म्हणून आपला मेन पासवर्ड त्यात कधीच टाकायचा नाही, ब्लूस्कायच्या सेटिंगमध्ये 'अ‍ॅप पासवर्ड' बनवता येतो तो टाक, काही गडबड वाटली तर तेवढाच रद्द करायचा, अकाउंट शाबूत. आणि तो पासवर्ड कन्सोलच्या एसडी कार्डात साध्या फाईलमध्ये पडलेला असू शकतो, त्यामुळे कार्ड मित्राला देताना भान ठेव. डिस्कॉर्डचे (ते चॅटिंगचं अ‍ॅप) असले क्लायंट सध्या लांबच ठेव, तिथं नियमात बसत नाही, अकाउंट जाऊ शकतं.

बाकी नवशिके इथंच अडकतात:

- कार्ड फॅट३२ (फाईली साठवायचा एक फॉरमॅट) पाहिजे. ६४ जीबीचं बहुतेक एक्सफॅट येतं, फॉरमॅट करावं लागतं.
- वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झ. मी धुळ्याला दोन तास कन्सोलला शिव्या घातल्या, राऊटर ५ वर होता!
- तारीख-वेळ बरोबर ठेव, नाहीतर लॉगिनच होत नाही कधीकधी.
- होमब्रू (असे हौशी अ‍ॅप कन्सोलवर चालवायची सोय) टाकल्यावर लगेच नँड बॅकअप (कन्सोलच्या आतल्या मेमरीची प्रत) घे, तो कॉम्प्युटरवर कॉपी कर.

यूट्यूबचे जुने व्हिडिओ बघून करू नको, पद्धती बदलत राहतात. थीम-बीम, प्लगिन नंतर बघू. आधी एक पोस्ट टाक, मग सांग काय झालं ते.